वाचकांचे प्रश्न : घरच्या तलावाचे पाणी कशाने तपासावे?

प्रश्न : मढ येथील आमच्या घरामागे आठ मीटर लांब, चार मीटर रुंद आणि सरासरी सव्वा मीटर खोल असा पोहण्याचा तलाव आहे. देखभालीचा माणूस आठवड्यातून दोनदा येतो, नळीत थेंब टाकतो आणि पाणी पिवळे झाले की ‘क्लोरीन बरोबर आहे’ असे सांगून जातो. तरीही पाण्याला उग्र वास येतो आणि मुलांचे डोळे लाल होतात. पट्ट्या, थेंबांचे किट की डिजिटल यंत्र, यांपैकी आम्ही काय घ्यावे?

उत्तर : आपल्या प्रश्नाचे मूळ त्या पिवळ्या रंगातच आहे. तो ऑर्थोटोलिडीन या द्रावणाचा असतो आणि त्यावरून फक्त एकूण क्लोरीन समजते. घाम आणि लघवी यांच्याशी क्लोरीनचा संयोग झाला की क्लोरामाइन तयार होतात, जंतू मारण्याची त्यांची ताकद फारच कमी असते, मात्र वास आणि डोळ्यांची जळजळ बहुतांशी त्यांच्यामुळेच होते. पिवळ्या रंगात हा निकामी भाग आणि कामाचे मुक्त क्लोरीन दोन्ही एकत्र मोजले जातात. म्हणूनच उग्र वास आला की ‘क्लोरीन जास्त झाले’ असे समजून मात्रा कमी करणे ही सर्रास होणारी चूक आहे, कारण अशा वेळी मुक्त क्लोरीन बहुधा कमी पडलेले असते.

त्यामुळे डीपीडी पद्धतीचेच, म्हणजे पाणी गुलाबी करून मुक्त क्लोरीन वेगळे दाखवणाऱ्या रसायनाचे किट घ्यावे, असे मी आग्रहाने सांगेन. त्यातही रंग जुळवण्याऐवजी थेंब मोजण्याचा प्रकार मिळाला तर उत्तम. त्यात दहा मिलिलिटर पाण्यात पूड टाकली की पाणी गुलाबी होते, मग दुसऱ्या बाटलीतले थेंब एकेक करून टाकत, नळी हलवत राहायचे आणि गुलाबी छटा पूर्ण गेली की थांबायचे. बहुतेक किटांत प्रत्येक थेंब म्हणजे अर्धा पीपीएम (एक पीपीएम म्हणजे लिटरमागे एक मिलिग्रॅम), म्हणजे सहा थेंब लागले तर मुक्त क्लोरीन ३ पीपीएम. त्याच नळीत पुढचे द्रावण टाकल्यावर पुन्हा गुलाबी रंग आला, तर तो क्लोरामाइनचा. तो घालवायला एकापेक्षा अधिक थेंब लागत असतील, तर जादा क्लोरीनची एक मोठी मात्रा देणे आवश्यक आहे आणि पातळी उतरेपर्यंत मुलांना पाण्यात सोडू नये.

रंग जुळवायचे साधे डीपीडी किट असेल तर एक धोका ध्यानात ठेवावा. क्लोरीन फार वाढले की गुलाबी रंग क्षणभर चमकून नाहीसा होतो आणि पाणी स्वच्छ दिसते. ते पाहून ‘क्लोरीन शून्य’ समजून आणखी पावडर टाकली जाते. शंका आल्यास नमुन्यात तेवढेच बाटलीबंद पाणी मिसळून पुन्हा तपासावे व येणारा आकडा दुप्पट धरावा.

पट्ट्या रोजच्या ओझरत्या नजरेसाठी ठीक आहेत, परंतु मुंबईच्या दमट हवेत, विशेषतः पावसाळ्यात, डबीचे झाकण सैल राहिले किंवा ओल्या बोटांनी पट्टी काढली की बाकीच्याही खराब होतात. डिजिटल यंत्र चांगले, पण काचेच्या नळीवर बोटांचे ठसे किंवा ओरखडे असले तर आकडा चुकतो. पीएच, म्हणजे पाणी किती आम्लधर्मी वा अल्कधर्मी आहे ते मोजण्याचे पेन घेतल्यास ते प्रमाणित द्रावणात वेळोवेळी जुळवून घ्यावे लागते आणि त्याचे टोक कोरडे पडू द्यायचे नसते. टीडीएसचे (एकूण विरघळलेले क्षार मोजणारे) पेन मात्र यासाठी घेऊ नका, ते क्लोरीनही सांगत नाही आणि पीएचही.

नमुना घेताना नळी दोन-तीनदा त्याच पाण्याने विसळावी, गाळण यंत्रातून पाणी परत येण्याच्या तोंडापासून दूर उभे राहून कोपरभर खोलीवरून पाणी घ्यावे आणि तपासलेले पाणी तलावात ओतू नये. पीएच ७.२ ते ७.८ मध्ये ठेवावा. साधारण ७.५ ला मुक्त क्लोरीनचा निम्मा भाग प्रभावी रूपात असतो, तर ८ ला जेमतेम चतुर्थांश. आपल्या तलावात सुमारे ४०,००० लिटर पाणी आहे, म्हणजे १ पीपीएम वाढवायला ४० ग्रॅम शुद्ध क्लोरीन, अर्थात ६५ टक्के क्लोरीनच्या कॅल्शियम हायपोक्लोराइट पावडरचे सुमारे ६२ ग्रॅम लागतील. टीसीसीएच्या (सायन्युरिक आम्लयुक्त क्लोरीनच्या) गोळ्या वापरत असाल, तर पाण्यातले सायन्युरिक आम्ल महिन्यातून एकदा मोजा, कारण त्या गोळ्यांमुळे ते साचत जाते आणि क्लोरीन मंद पडते. ते १०० पीपीएमच्या वर गेले तर काही पाणी काढून नवे भरणे हाच उपाय. गोळ्या आणि हायपोक्लोराइट एकाच डब्यात वा भांड्यात कधीही एकत्र करू नका, त्यातून स्फोट होऊ शकतो.

प्रश्न : उन्हाळ्यात टँकरचे पाणी भरतो. तपासणीत काही बदल करावा का?

उत्तर : हो. पालिकेचे पाणी तलावांतून येत असल्याने मृदू असते, परंतु टँकरचे पाणी विहिरीचे किंवा बोअरवेलचे असू शकते. ते भरण्याआधीच एका बादलीत कॅल्शियमची कठीणता आणि क्षारता (पीएच स्थिर ठेवण्याची पाण्याची क्षमता) तपासा. कठीणता ४०० पीपीएमपेक्षा बरीच वर असल्यास टाइल्सवर पांढरा थर बसू लागतो. मुसळधार पावसानंतर याच्या उलट होते, क्षारता ८० पीपीएमखाली जाते आणि पीएच डळमळू लागतो, म्हणून जून ते सप्टेंबर क्षारतेचे माप दर आठवड्याला घ्यावे.