बॉल यायच्या आधी मागं बघ

पोरी,

काल रात्री साडेअकराला तुझा मेसेज आला, 'काका हॉकी लीगसाठी मी तयार आहे का नाही तेवढं एका शब्दात सांगा', आणि खाली व्हिडिओ. एका शब्दात सांगायचं तर नाही. अजून नाही. पण एवढंच टाईप करून झोपायला गेलो तर झोप काय लागेना, म्हणून सकाळी उठून हे लिहालोय. लांब होणार आहे.

तुझ्या 4 मिनिटांच्या व्हिडिओत 6 गोल आहेत. चांगलेच आहेत, रिव्हर्सनं मारलेला तिसरा तर मी चारदा बघितला आणि तुझ्या काकूला पण बोलवून दाखवला. पण मला जे बघायचं होतं ते त्यात एकदापण नाही, कारण तुझ्या भावानं प्रत्येक क्लिप बॉल तुझ्या स्टिकला लागल्यावर चालू केलीय. अगं त्याच्या आधीचे दोन सेकंद कुठं गेले? मला तेवढेच पाहिजे होते. मग तुझ्या बाबांकडून त्या मॅचचं पूर्ण रेकॉर्डिंग मागवलं आणि वही घेऊन बसलो. बॉल तुझ्याकडं 31 वेळा आला. त्यातल्या 9 वेळा तू बॉल यायच्या आधी मान वळवून मागं बघितलंस. 22 वेळा नाही बघितलंस, आणि त्या 22 मधले 13 बॉल गेले. त्यातले निम्मे तरी असे गेले की मागची पोरगी आलीय हे तुला स्टिकवर स्टिक आपटल्यावर कळलं. तू जिल्ह्यात सगळ्यात फास्ट आहेस म्हणून गेलेला बॉल पळून परत आणतेस आणि लोक टाळ्या वाजवतात. मला त्या टाळ्यांचीच भीती वाटते.

जानेवारी 2025 मध्ये रांचीत बायकांची पहिली हॉकी इंडिया लीग झाली, 4 टीम होत्या, तू टीव्हीवर बघितलीस आणि तेव्हापासून ते डोक्यातनं जाईना. तेव्हा टीममध्ये 24 जणी, त्यात 8 परदेशी, आणि 4 ज्युनियर घ्यायलाच पाहिजेत असा नियम होता. तुझे ट्रायलवाले सर सांगालेत ते काय खोटं नाही, ज्युनियरमधनं तुझं नाव लागू शकतं. पण त्यांना जागा भरायला कोणतरी पाहिजे आणि तू तयार आहेस, ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत गं. मला हे कुणी सांगितलं नव्हतं.

1984 ची गोष्ट, मी 19 चा. बाहेरच्या एका मोठ्या टीमनं बोलावलं, नाव घेत नाही. आमच्या गल्लीनं हार घालून रात्रीच्या गाडीत बसवलं, तुझे बाबा स्टेशनवर होते, विचार त्यांना. मी आयुष्यभर लाल मातीवर खेळलेलो. मातीत बॉल उसळत येतो, समोरच्याला पण थांबवायला वेळ लागतो, म्हणजे बॉल अडवून मग मान वर करून बघायला भरपूर टाईम. तिथं पाणी मारलेलं टर्फ, म्हणजे नकली गवत. बॉल सुर्रकन यायचा, मी अडवायचो, मान वर करायचो, तोवर अंगावर दोघं. तिसऱ्या मॅचनंतर बाहेर बसवलं आणि सीझन संपल्यावर घरी पाठवलं. इथं आल्यावर मी सगळ्यांना सांगितलं गुडघा गेला. 15 वर्षं सांगत होतो. गुडघ्याला काहीच झालं नव्हतं. माझी मान वळत नव्हती. पळण्यात त्या टीममधल्या कुणापेक्षा मी कमी नव्हतो, आजपण सांगतो, एक वर्ष आधी कुणी मला नुसतं 'मागं बघ' म्हणून मारून मारून शिकवलं असतं तर मी टिकलो असतो.

माझा भाचा कॅनडात असतो, त्याच्याकडं 2 महिने राहिलो तेव्हा रोज रात्री आईस हॉकी बघायचो. बर्फावर मान खाली घालून पक, म्हणजे बॉलच्या जागी असते ती रबरी चकती, घेतला तर समोरचा नियमातच अंगावर येऊन आडवा करतो, म्हणून तिथं पोरांना लहानपणापासनं एकच ओरडतात, मान वर. आणि पोरगं तयार आहे का नाही ह्यावर ते लोक किती डोकं लावतात बघ. निकलास लिडस्ट्रॉम म्हणून स्वीडनचा डिफेन्समन, अमेरिकेतल्या डेट्रॉईटच्या टीमनं त्याला 1989 ला निवडला, 53 व्या नंबरवर, आणि आणला 1991 ला. दोन वर्षं स्वीडनमध्येच खेळला. मग 20 सीझन खेळला, सगळ्यात चांगल्या डिफेन्समनचं बक्षीस 7 वेळा घेतलं, 4 वेळा स्टॅन्ली कप, म्हणजे तिथल्या लीगचा कप. लोकांना ढकलून पाडणारा नव्हता तो, पक कुठं येणार ते आधी बघून तिथं उभा असायचा. तिथं अजून एक सोय आहे, 18-19 वर्षाच्या पोराला 9 मॅचपर्यंत खेळवून परत ज्युनियरला पाठवलं तर त्याच्या कराराचं पहिलं वर्ष धरत नाहीत. मला अशा 9 मॅच कुणी दिल्या नाहीत. 3 दिल्या.

आता तू म्हणशील काका सगळ्यांनाच अडवतात. शहापूरच्या त्या पोराचं नाव तुझ्या कानावर आलंच असेल. मी त्याला एक वर्ष थांब म्हटलं, त्यानं हॉकीच सोडली, आज उद्यमबागेत फाउंड्रीत आहे आणि त्याचे वडील मला रस्त्यात बघून तोंड फिरवतात. लोक म्हणतात मी पोराचं वाटोळं केलं. मी केलं नाही. बॉल यायच्या आधी तो एकदापण मागं बघत नव्हता, एकदापण नाही, आणि मी तसाच पाठवला असता तर तीन मॅचनंतर तोपण गुडघ्याची गोष्ट सांगत परत आला असता. चूक माझी एवढीच की त्याला नुसतं थांब म्हटलं, थांबून काय करायचं ते बसून समजावलं नाही. त्याच्या घरी जायला पाहिजे होतं. नाही गेलो. म्हणून तुला एवढं लांब लिहालोय.

सत्काराला गेलं की प्रत्येक भाषणात येतं, 1964 ला टोकियो ऑलिंपिकमध्ये हॉकीचं सोनं जिंकलं त्या टीममध्ये आपल्या बेळगावचे बंडू पाटील, गोलात मराठा लाईट इन्फंट्रीचे शंकर लक्ष्मण. तुलापण हार घालताना हेच म्हणतील. हार घालणाऱ्यांपैकी कोण तुझे 31 बॉल मोजायला बसला का?

अजून एक. हॉस्टेलच्या टीममध्ये मागनं कोण आलं की तुझी मैत्रीण कन्नडमध्ये 'हिंदे, हिंदे', म्हणजे मागं मागं, म्हणून ओरडते, व्हिडिओत ऐकू येतं, आणि ती ओरडली की मगच तू वळतेस. ती 9 मधली 5 तिचीच आहेत. म्हणजे तुझी स्वतःची 4. लीगमध्ये तुझ्या बाजूला हॉलंडची नाहीतर अर्जेंटिनाची कोणतरी असणार, ती कन्नडमध्ये ओरडणार नाही आणि मराठीत तर नाहीच. डोळे तुझेच पाहिजेत.

तर यावर्षी फॉर्म भरू नकोस. राग येणार, येऊ दे. तुझ्या सरांना माझं नाव सांग, माझ्याशी भांडू देत. बाबांना मी बोलतो. रोज भिंतीवर बॉल मारायचा, परत येणारा घ्यायचा, मागं भावाला उभं करून बोटं दाखवायला लावायची आणि बॉल स्टिकला लागायच्या आधी तू वळून आकडा ओरडायचास. लागल्यावर ओरडलीस तर तो मोजायचा नाही. 100 बॉल सकाळी, 100 संध्याकाळी. 31 मधले 25 स्वतःच्या डोळ्यांनी झाले की मी स्वतः तुझा फॉर्म भरतो, गाडीत पण मीच बसवतो.

रविवारी सकाळी 6 ला बेळगावात व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर ये. खानापूरहून पहिली बस पकड. भावाला आण, आणि त्याला सांग व्हिडिओ काढायचा असला तर बॉल यायच्या आधीपासनं काढ म्हणून.

तुझा काका