जीएफओ लावूनही फॉस्फेट परत का चढतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कोथरूडमधला २०० लिटरचा खाऱ्या पाण्याचा टँक, त्यात दोन क्लाउन आणि एक रॉयल ग्रामा हे मासे, आणि झोआ, मशरूम, लेदर ही प्रवाळं. नायट्रेट ८ पीपीएम, फॉस्फेट ०.३८. जीएफओ (फॉस्फेट धरणारे लोह-ऑक्साइडचे दाणे) लावलं की ते ०.०८ पर्यंत उतरतं आणि आठवड्यात पुन्हा ०.३. दगडांवर हिरवं केसाळ शेवाळ. तर जीएफओ बनावट आहे का?

नाही. ०.०८ पर्यंत उतरवलं म्हणजे माल चांगला आहे. तुमचं फॉस्फेट दगडांत बसलंय. लाईव्ह रॉक (टँकमधला जिवाणू वसलेला दगड) मुळात कॅल्शियम कार्बोनेट, आणि त्याच्या पृष्ठभागावर फॉस्फेट चिकटतं. पाण्यातलं वाढलं की दगड ते धरतो, पाण्यातलं उतरलं की सोडतो. वाळूचंही तेच. पावसाळ्यात मुरलेली भिंत वरून कितीही पुसा, दिवाळीपर्यंत ओल देत राहते, तसं. चेकर (फॉस्फेट मोजायचं छोटं यंत्र) फक्त पाण्यातलं मोजतो, साठा त्याला दिसत नाही. दगड कुणाच्या मोडलेल्या टँकमधून घेतले असतील तर साठा आणखी मोठा.

नायट्रेट ८ वर आणि फॉस्फेट मात्र चढंच, यातही नवल नाही. दगडाच्या आतल्या, ऑक्सिजन नसलेल्या भागातले जिवाणू नायट्रेटचा नायट्रोजन वायू करतात आणि तो हवेत निघून जातो. फॉस्फरसला अशी वाट नाही. तो टँकबाहेर जाणार तो स्किमरच्या (फेसातून घाण काढणाऱ्या यंत्राच्या) कपातून, उपटलेल्या शेवाळातून, जीएफओसारख्या मीडियातून किंवा बदललेल्या पाण्यातून. पाण्यावर फार भिस्त ठेवू नका. १० टक्के पाणी बदललं तर ०.३ चं ०.२७ होतं, आणि तेवढं दगड भरून काढतात. टँकचं समुद्री मीठ काय भावाने मिळतं ते तुम्हाला माहीत आहेच.

आता ते येतं कुठून? बहुतेक सगळं खाद्यातून. कोरड्या खाद्यात साधारण १ टक्का फॉस्फरस असतो. म्हणजे १ ग्रॅम खाद्यात १० मिलिग्रॅम फॉस्फरस, आणि फॉस्फेट म्हणून मोजलं तर सुमारे ३० मिलिग्रॅम. २०० लिटरमध्ये ते ०.१५ पीपीएम झालं. एका ग्रॅमने! तीन छोट्या माशांना दिवसातून तीनदा चिमूट चिमूट टाकणाऱ्याने ती चिमूट एकदा वजनकाट्यावर ठेवून बघावी. फ्रोझन मायसिस (कोळंबीसारखे बारीक जीव) धुऊन द्यायला हरकत नाही, पण बहुतेक फॉस्फरस खाद्याच्या अंगातच असतो, वितळलेल्या पाण्यात थोडा. मासे उपाशी ठेवा असं म्हणत नाहीये. तळाला जाऊन पडतं ते बंद करा, एवढंच.

पाण्याचं म्हणाल तर घरातल्या पिण्याच्या आरओवर टँक चालवू नका. त्यात बहुधा टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) कंट्रोलर असतो आणि तो थोडं कच्चं पाणी परत मिसळतो. आरओच्या मागे डीआय रेझिन (उरलेसुरले क्षार धरणारे दाणे) हवंच. खडकवासल्याचं पाणी तसं सौम्य, पण गुरुवारी पाणी बंद म्हणून सोसायटीत टँकर आला किंवा बोअर चालू झाली की टीडीएस उडी मारतो आणि रेझिन लवकर संपतं. संपत आलेल्या रेझिनमधून सगळ्यात आधी सिलिका निसटते, आणि टीडीएस मीटरवर ती जवळजवळ दिसत नाही. काचेवर तपकिरी थर येऊ लागला तर तिच्यावर संशय घ्या. तुमचं शेवाळ हिरवं आहे, म्हणून तिला मी दोष देत नाही. तरी टॉप-अपचं (उडून गेलेल्या पाण्याच्या जागी घालायचं) पाणी एकदा फॉस्फेटसाठी तपासून घ्या.

तुमचा चेकर पीपीबीमध्ये (पीपीएमचा हजारावा भाग) फॉस्फरस दाखवणारा असेल तर आकड्याला ३.०६६ ने गुणून १००० ने भागा. क्युव्हेट (पाण्याच्या नमुन्याची कुपी) पुसलेली हवी. बोटांचे ठसे आणि न विरघळलेली पावडर दोन्ही आकडा बिघडवतात.

मी काय करेन? संपमध्ये (टँकखालच्या फिल्टरच्या टाकीत) मूठभर चेटो (फॉस्फेट खाऊन वाढणारं शेवाळ) आणि त्यावर रात्रीचा दिवा, म्हणजे रात्री पीएचही फार पडत नाही. वाढला की काढून फेकायचा. नुसता वाढू देऊन उपयोग नाही. दगडांवरचं शेवाळ हाताने उपटायचं. जीएफओ पाकिटावरच्या मात्रेच्या निम्म्याने, आकडा पुन्हा चढू लागला की बदलायचं. दगड रिकामे व्हायला महिने लागतील. ०.०५ ते ०.१ च्या दरम्यान थांबायचं. शून्याचा नाद नको. फॉस्फेट आणि नायट्रेट दोन्ही संपले की डायनो (डायनोफ्लॅजेलेट) येतात, तपकिरी, चिकट, बुडबुडे धरणारे. त्यांच्यापुढे केसाळ शेवाळ परवडलं. झोआ आणि मशरूमला तर थोडं मळकट पाणीच मानवतं.

व्हिनेगर डोसिंग (जिवाणू वाढवायला पाण्यात थोडं व्हिनेगर घालणं) आत्ता नको. जिवाणू फॉस्फेटपेक्षा नायट्रेट कितीतरी जास्त खातात. तुमचे ८ आधी संपतील आणि फॉस्फेट तिथेच राहील. लँथनम क्लोराईड फॉस्फेटचा साका करून झपाट्याने काम करतं, पण तो साका बारीक फिल्टर सॉकमध्ये धरावा लागतो, नाहीतर माशांच्या कल्ल्यांना त्रास होतो. तीन माशांच्या टँकला ते कशाला?

अल्कलिनिटी (पाण्यातलं कार्बोनेट-बायकार्बोनेट) तुम्ही लिहिली नाहीत. जीएफओ एकदम जास्त लावलं तर तीही घसरते. आकडा कळवा, मग मात्रा ग्रॅममध्ये सांगतो.