वाचकांचे प्रश्न: किलिमांजारोचा शेवटचा कॅम्प

प्रश्न: आमचा दहा जणांचा गट माचामे मार्गाने किलिमांजारोला जाणार आहे. सहा दिवसांचा आणि सात दिवसांचा असे दोन कार्यक्रम समोर आहेत. सगळे नियमित ट्रेक करणारे आहेत. एक दिवस वाचवला तर काय बिघडतं?

उत्तर: तिसऱ्या रात्रीपर्यंत दोन्ही कार्यक्रम सारखेच असतात: माचामे कॅम्प, शिरा, मग सुमारे ४,६०० मीटरवरच्या लाव्हा टॉवरला जाऊन खाली बरांकोला (सुमारे ३,९०० मीटर) मुक्काम. फरक पडतो चौथ्या दिवशी. सहा दिवसांत बसवायचं तर बरांकोची भिंत, करंगाच्या दरीतली उतर-चढ आणि पुढे शिखराआधीचा शेवटचा कॅम्प बराफू (४,६७३ मीटर) हे सगळं एका दमात करावं लागतं. त्याला आठ-नऊ तास लागतात. संध्याकाळी थकून पोचायचं आणि त्याच रात्री अकरा-बाराला शिखरासाठी निघायचं.

सात दिवसांत मध्ये करंगाला (सुमारे ४,००० मीटर) मुक्काम पडतो. दुसऱ्या दिवशी चारेक तासांत दुपारच्या जेवणाला बराफू गाठता येतं. म्हणजे झोपायला आणि पाणी पोटात जायला अख्खी दुपार मिळते. पायांची तयारी आणि विरळ हवेची सवय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. उलट तगडे गडी पहिल्या दोन दिवसांत जोरात चालतात आणि तिसऱ्या दिवशी डोकं धरून बसतात. ३,००० मीटरच्या वर रोजच्या मुक्कामाची उंची ५०० मीटरपेक्षा जास्त वाढू नये, असा सर्वसाधारण नियम आहे. सात दिवसांचा कार्यक्रमही तो पूर्ण पाळत नाही. बजेट आणि रजा असेल तर आठ दिवसांचा लेमोशो मार्ग त्याहून बरा.

प्रश्न: बराफूला दुपारी पोचल्यावर मध्यरात्रीपर्यंत नेमकं काय करायचं? शिखराची चढाई रात्रीच का करतात?

उत्तर: आधी दुसरा प्रश्न. किलिमांजारो हा निद्रिस्त ज्वालामुखी. बराफूच्या वरचा उतार म्हणजे राखेचा आणि मुरमाड दगडांचा घसारा. रात्री तो गोठून घट्ट असतो आणि पाय रोवता येतो. ऊन तापल्यावर दोन पावलं चढलं की एक पाऊल खाली येतं. शिवाय शिखरावरून त्याच दिवशी पार ३,१०० मीटरवरच्या म्वेका कॅम्पपर्यंत उतरायचं असतं. एकूण बारा-चौदा तासांची चाल होते. ती उजाडल्यावर सुरू केली तर पुरत नाही.

आता दुपारचं. तंबूत शिरताच आडवे होऊ नका. आधी रात्रीची बॅग भरून ठेवा, कारण अकरा वाजता थंडीत आणि अर्धवट झोपेत हातमोजाही सापडत नाही. हेडटॉर्चमध्ये नवे सेल घाला. जादा सेल, मोबाइल आणि कॅमेऱ्याची बॅटरी स्लीपिंग बॅगमध्ये अंगाजवळ ठेवा. गेटर्स (बुटाच्या तोंडावर आणि पोटरीवर चढवायची कापडी आवरणं) बॅगेच्या वरच बांधून ठेवा. चढताना नाही, पण उतरताना बुटात खडे शिरतात तेव्हा त्यांची किंमत कळते. त्याच वेळी धुळीसाठी नाकावर कापडही लागतं.

पाण्यात सगळ्यात जास्त जण फसतात. शिखराच्या रात्री तापमान उणे १० ते उणे २० पर्यंत जातं आणि पाण्याच्या पिशवीची नळी पहिल्या दोन तासांतच गोठते. प्रत्येक घोटानंतर नळीत फुंकून पाणी मागे ढकललं तर ती थोडी जास्त टिकते, इतकंच. रुंद तोंडाच्या दोन बाटल्यांत कोमट पाणी भरा, लोकरी मोज्यात घाला आणि बॅगेत उलट्या ठेवा. बर्फ वरून धरतो, त्यामुळे झाकण मोकळं राहतं. झाकण मात्र गळकं नाही ना, हे दुपारीच तपासा. बराफूला पाण्याचा झरा नाही. पोर्टर करंगाहून ते वाहून आणतात, तेव्हा तोंड धुण्यात उधळू नका.

भूक नसली तरी संध्याकाळी पाचच्या सुमारास सूप आणि भात-बटाट्यासारखं काही खाऊन घ्या. मग पडून राहा. झोप लागली नाही तरी घाबरायचं कारण नाही, या उंचीवर ती बहुतेकांना लागत नाही. कॅम्प खडकाळ धारेवर आहे. रात्री शौचाला जाताना टॉर्च आणि बूट घालूनच बाहेर पडा.

प्रश्न: ऑक्सिमीटरवर (रक्तातला ऑक्सिजन मोजणारं यंत्र) ७८ टक्के आलं तर परत फिरायचं का? उंचीचा त्रास टाळणारी डायमॉक्स गोळी घ्यावी का?

उत्तर: बराफूला ७५ ते ८५ मधले आकडे सर्रास दिसतात. गार बोटांवर यंत्र त्याहून कमीही दाखवतं. हात चोळून, दोन मिनिटं बसून पुन्हा मोजा. निर्णय आकड्यावर नव्हे, माणसाकडे बघून घ्यायचा. नुसती डोकेदुखी असेल तर विश्रांती आणि पाणी. उलट्या होत असतील आणि डोकेदुखी वाढतच असेल तर वर जायचं नाही. सरळ रेषेत टाचेला पंजा लावून चालता येत नसेल, माणूस असंबद्ध बोलत असेल किंवा बसल्या जागी धाप लागून खोकला येत असेल, तर रात्र असो वा पाऊस, तत्काळ खाली. सकाळची वाट पाहणं हीच घोडचूक.

डायमॉक्स प्रतिबंधासाठी सहसा १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, चढाईच्या आदल्या दिवसापासून देतात. बोटांना मुंग्या येतात आणि लघवी वाढते. सल्फा गटातल्या औषधांची ॲलर्जी किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. घरीच दोन दिवस घेऊन पाहिलेली बरी. आणि त्रास गाइडपासून लपवू नका. गटात हे फार चालतं.

प्रश्न: मी गटात सगळ्यात हळू चालते. माझ्यामुळे इतर अडकतील का?

उत्तर: नाही, व्यवस्था नीट असेल तर. बुकिंगच्या वेळी एकच विचारा: शिखराच्या रात्री दहा जणांमागे किती सहायक गाइड? दोघा-तिघांमागे एक असेल तर गट फुटला तरी कोणी एकटं पडत नाही. हळू चालणं ही तिथे उणीव नाही. गाइड दिवसभर ‘पोले पोले’, म्हणजे सावकाश, हेच सांगत असतात. बोलता येईल इतकाच वेग ठेवा.

प्रश्न: पोर्टरकडे द्यायची बॅग किती वजनाची?

उत्तर: १५ किलोच्या आत, स्लीपिंग बॅग धरून. मऊ डफल बॅग घ्या. चाकांची सूटकेस नको, पोर्टर सामान डोक्यावर वाहतात.