ब्रिटिश क्लायंट ‘चक इट’ म्हणाला, तर फाइल पाठवायची की डिलीट करायची?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ऑफिस लोअर परळला, टीम लंडनची. कॉलवर ‘चक’, ‘बिन’, ‘डिच’, ‘स्क्रॅप’ असे शब्द सारखे येतात आणि डिक्शनरीत सगळ्यांपुढे ‘फेकणे, टाकून देणे, सोडणे’ एवढंच लिहिलेलं. मग समोरच्याला नेमकं काय हवंय ते कसं ओळखायचं आणि यातलं आपण काय वापरायचं?

‘चक’साठी डिक्शनरीपेक्षा आपलं ‘टाकणे’ जास्त उपयोगी पडेल. आपण कचरा टाकतो, चहा टाकतो, मेल टाकतो, खात्यात पैसे टाकतो. ब्रिटिश माणसाचं ‘चक’ बरंचसं तसंच चालतं. ‘चक मी द कीज’ म्हणजे किल्ल्या टाक इकडे. ‘चक इट इन अॅन ईमेल’ म्हणजे मेलमध्ये टाकून पाठवून दे. ‘चक इट इन द फोल्डर’ म्हणजे फोल्डरमध्ये ठेव. यात फेकून देण्याचा संबंधच नाही. फेकून द्यायचं असेल तर बहुधा सोबत ‘आउट’ किंवा ‘अवे’ येतं. आणि ‘आय अॅम चकिंग इट इन’ एवढ्यावरच वाक्य संपलं, ‘इन’नंतर फोल्डर नाही, ईमेल नाही, तर गडी नोकरी नाहीतर कोर्स सोडतोय. म्हणून कान ‘चक’वर नको, त्याच्या पुढे काय येतंय त्यावर ठेवा. नुसतं ‘जस्ट चक इट’ आलं तर बहुतेक वेळा टाकून द्या असाच अर्थ असतो. तरी विषय फाइलचा असेल तर तिथल्या तिथे विचारा: ‘डिलीट इट, ऑर सेंड इट ओव्हर?’ अशा प्रश्नाचं कुणाला काही वाटत नाही.

फोनवर आणखी एक घोळ होतो. लाइन खराब असली की ‘चक इट’ आणि ‘चेक इट’ सारखेच ऐकू येतात. त्यात माणूस मँचेस्टर-लीड्सकडचा असेल तर त्याचं ‘चक’ आपल्या ‘चुक’सारखं कानावर पडतं. शंका आली तर कॉल संपल्यावर एका ओळीच्या मेलने खात्री करून घ्या.

शब्दांचा क्रम आपल्याकडे सर्रास चुकतो. ‘चक आउट द बॉक्स’ आणि ‘चक द बॉक्स आउट’ दोन्ही बरोबर. पण वस्तूच्या जागी ‘इट’ किंवा ‘देम’ आलं की ते मधेच बसलं पाहिजे: ‘चक इट आउट’. ‘चक आउट इट’ कधीच नाही. ‘थ्रो अवे’, ‘टॉस आउट’ यांनाही हाच नियम.

आता तुमच्या कामात सगळ्यात धोक्याचे शब्द: ‘बिन’, ‘डंप’ आणि ‘ड्रॉप’. इंग्लंडमध्ये ‘बिन इट’ म्हणजे सरळ कचऱ्यात टाक. पण अॅनालिटिक्सवाल्याने ‘बिन द एजेस’ म्हटलं तर त्याला वयाचे गट पाडून हवेत: १८ ते २५, २६ ते ३५ असे. तो कॉलम उडवलात तर पंचाईत. ‘डंप’ म्हटलं की मुंबईकराला देवनारचं डंपिंग ग्राउंड आठवणार. डेटाबेसमध्ये मात्र डंप म्हणजे आहे तो सगळा डेटा फाइलमध्ये काढून ठेवणं, बऱ्याचदा बॅकअपसाठी. पुसण्याच्या अगदी उलट. आपल्याकडे ‘प्लीज टेक अ डंप’ असं बिनधास्त लिहितात. इंग्रजी घरातल्या माणसाला ते ‘शौचाला जाऊन या’ असं वाचता येतं, आणि तो हसू दाबत असतो. ‘प्लीज एक्स्पोर्ट द डेटाबेस’ लिहा, विषय संपला. ‘ड्रॉप’ची तऱ्हा आणखी वेगळी. ‘ड्रॉप मी द फाइल’ म्हणजे पाठव, ‘लेट्स ड्रॉप इट’ म्हणजे हा विषय सोडू या, आणि ‘ड्रॉप द टेबल’ म्हणजे डेटाबेसमधलं ते टेबल रचनेसकट उडव. हा तिसरा अर्थ निघत असेल तर लेखी मेल आल्याशिवाय मी तरी बोटसुद्धा हलवणार नाही.

टेबलवरून आठवलं. मीटिंगमध्ये ‘लेट्स टेबल धिस’ असं ब्रिटिश माणूस म्हणाला तर त्याला तो मुद्दा चर्चेला घ्यायचाय. अमेरिकन म्हणाला तर तो पुढे ढकलायचाय. एकाच कॉलवर दोघंही असतील तर हा शब्द आपण तरी टाळलेलाच बरा.

बेत किंवा योजना गुंडाळायची असेल तर ‘स्क्रॅप’. आपल्या भंगारवाल्याचं स्क्रॅप ते हेच. ‘दे स्क्रॅप्ड द प्लॅन’ म्हणजे योजना कायमची मोडीत काढली. ‘शेल्व्ह’ किंवा ‘पार्क’ असेल तर ती तात्पुरती बाजूला ठेवलीय, पुन्हा निघू शकते, त्यामुळे फाइल उडवू नका. लिहिताना ‘स्क्रॅप्ड’मध्ये पी दोनदा येतो. एकदाच लिहिलात तर ते ‘स्क्रेप्ड’ होतं, म्हणजे खरवडलं.

‘डिच’ म्हणजे मुळात खड्डा किंवा चर. वैमानिकाने विमान पाण्यावर उतरवलं की त्यालाही ‘डिचिंग’ म्हणतात. १५ जानेवारी २००९ला न्यूयॉर्कच्या हडसन नदीत उतरवलेलं विमान आठवत असेल. बोलण्यात मात्र ‘डिच’ म्हणजे नकोशी झालेली गोष्ट किंवा माणूस मागे टाकून निघून जाणं. आपल्याकडे ‘त्याने मला डिच केलं’ यात दगाफटका असतो, राग असतो. त्यांच्याकडे एवढा विखार असेलच असं नाही. ‘वी डिच्ड द ओल्ड सॉफ्टवेअर’ हे अगदी साधं वाक्य आहे. प्रेमप्रकरण तोडलं तर ‘डंप्ड’ जास्त ऐकू येतं, इंग्लंडमध्ये ‘चक्ड’सुद्धा. कॉलेजातलं आपलं ‘लेक्चर बंक केलं’ तिकडे ‘बंक्ड ऑफ’ होतं, अमेरिकेत ‘स्किप्ड’ किंवा ‘डिच्ड क्लास’.

खरोखर हाताने फेकण्याचे शब्द फारसे अवघड नाहीत. ‘टॉस’ म्हणजे हलकेच, ‘लॉब’ म्हणजे उंच कमान काढून, ‘हर्ल’ म्हणजे जीव खाऊन, ‘फ्लिंग’ म्हणजे रागाने किंवा बेफिकिरीने भिरकावणं. त्याचा भूतकाळ ‘फ्लंग’. अमेरिकन माणूस ‘टॉस इट’ म्हणतो तेव्हा बहुधा कचऱ्यातच टाकायचं असतं. इंग्लंडमध्ये मात्र ‘टॉस ऑफ’ आणि ‘टॉसर’ या शिव्या आहेत, तिकडे फिरकू नका. ‘यीट’ म्हणजे जोरात भिरकावणं, हा पोरांचा शब्द. समजला तरी पुरे. खरी गोम ‘अॅट’ आणि ‘टू’ची. ‘थ्रो द बॉल टू हिम’ म्हणजे त्याला झेलता येईल असा टाक. ‘थ्रो द बॉल अॅट हिम’ म्हणजे त्याला फेकून मार. ‘ही थ्रू द फाइल अॅट मी’ असं एचआरला लिहिलंत तर चौकशी लागेल. तसंच, क्रिकेटमध्ये ‘चकिंग’ म्हणजे फेकी गोलंदाजी. आयसीसीच्या नियमानुसार चेंडू टाकताना कोपर १५ अंशांपर्यंत सरळ झालेलं चालतं. तेव्हा कुणाला गमतीत ‘चकर’ म्हणण्याआधी लक्षात ठेवा, तो आरोप होतो.

आता सोडणं. ‘क्विट’ बोलण्यात चालतं, राजीनाम्याच्या पत्रात नाही. तिथे ‘रिझाइन’च. भूतकाळही ‘क्विट’च: ‘शी क्विट लास्ट वीक’. पुढे क्रियापद आलं तर ‘क्विट स्मोकिंग’. ‘क्विट टू स्मोक’ चुकीचं. १९४२च्या ऑगस्टमध्ये गवालिया टँकवर घुमलेल्या ‘क्विट इंडिया’तलं ‘क्विट’ म्हणजे जागा सोडून जा, आजच्या नोकरीवाल्या अर्थाहून थोडं वेगळं. ‘पॅक इट इन’ आणि ‘जॅक इट इन’ ही अस्सल ब्रिटिश बोली, अर्थ नोकरी किंवा काम सोडून देणं. मात्र कुणी आवाज चढवून ‘पॅक इट इन!’ म्हणालं तर तो ‘बस कर आता!’ असतो. आपल्याकडचं ‘पेपर टाकले’ जसंच्या तसं ‘आय हॅव पुट डाउन माय पेपर्स’ असं सांगितलंत तर लंडनचा माणूस विचारेल, कुठे ठेवलेत? त्याला ‘आय हॅव हँडेड इन माय नोटीस’ सांगा.

राहिलं ‘बेल’. ‘आय हॅव टू बेल’ म्हणजे मला निघायला हवं, जामिनाचा काही संबंध नाही. ‘दे बेल्ड अस आउट’ म्हणजे त्यांनी आपल्याला अडचणीतून सोडवलं, ‘दे बेल्ड ऑन अस’ म्हणजे ऐन वेळी तोंडघशी पाडलं. व्हेंडरबद्दल मेल लिहिताना यातलं कुठलं लिहिताय ते पाठवण्याआधी पुन्हा एकदा वाचा.