मे महिन्यातले चार दिवस: मित्राचं घर, संग्रहालय आणि समुद्र एकत्र जमेल का?

तुम्ही विचारलंय की ठाण्याहून चार दिवसांसाठी निघायचंय, दहा वर्षांची मुलगी बरोबर आहे, तिला संग्रहालयं आवडतात, तुम्हाला समुद्र हवाय, एक मित्र रत्नागिरीत आहे नि एक पणजीत, तर दोघांकडे जाणं होईल का. होईल, पण करू नका. पणजीला वेगळी सुट्टी काढून जा. हे चारही दिवस रत्नागिरीला द्या.

गेल्या मे महिन्यात आम्ही हेच केलं, म्हणून इतक्या खात्रीनं सांगतेय. माझी कॉलेजातली मैत्रीण लग्न होऊन रत्नागिरीला गेली, त्याला अठरा वर्षं झाली. दर फोनला "ये गं एकदा" म्हणायची. आम्ही दोन-तीनदा गोव्याला जाता-येता स्टेशनवर उतरून तिला भेटलो होतो, तेही पंधरा-वीस मिनिटं. या वेळी पुढे कुठे जायचं नाही असं ठरवूनच निघालो.

गाडी तुतारी एक्स्प्रेस घ्या. ती दादरहून रात्री बारानंतर सुटते, त्यामुळे तिकिटावर पुढची तारीख येते. आरक्षण करताना यात हमखास चूक होते, नीट बघा. मुलीला गाडीच्या नावाची गोष्ट सांगून ठेवा. केशवसुतांच्या 'तुतारी' कवितेवरून हे नाव ठेवलंय आणि केशवसुतांचा जन्म रत्नागिरीजवळच्या मालगुंडचा. तिथे आपण जाणारच आहोत.

पहिला दिवस घरातच जाऊ द्या. मे महिन्यात रत्नागिरीत अकरा वाजले की घामानं अंग नुसतं चिकचिकतं, अशात बाहेर पडण्यात अर्थ नाही. आणि मित्राकडे गेलोय ना आपण? मैत्रिणीच्या सासूबाईंनी सकाळी घावणे आणि नारळाचा रस केला होता. दुपारी त्यांनी माझ्या लेकीला माळ्यावरच्या आढीपाशी नेलं. पेंढ्यात आंबे थरानं लावलेले. काकू एकेक उचलायच्या, देठापाशी नाक न्यायच्या आणि नुसत्या वासावर सांगायच्या: हा आजचा, हा परवाचा. दाबून बघायचा नाही, डाग पडतो. दुसऱ्या दिवसापासून लेक स्वतः आंबे निवडून खाली आणायला लागली.

आता संग्रहालयाबद्दल, कारण तुमच्या प्रश्नाचा खरा जीव तिथे आहे. थिबा राजवाडा सकाळी लवकर बघा. सोमवार टाळा, सरकारी संग्रहालयं बहुधा सोमवारी बंद असतात. पण जाण्याआधी मुलीला एवढं सांगा: थिबा हा ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा. 1885 साली इंग्रजांनी मंडाले घेतलं, त्याला पदच्युत केलं, आधी मद्रासला आणलं आणि 1886 मध्ये रत्नागिरीत आणून ठेवलं. पुन्हा त्याला आपला देश दिसला नाही. आज आपण बघतो तो राजवाडा 1910 साली बांधून झाला, म्हणजे राजा तोवर चोवीस वर्षं इथेच होता. राजवाडा मिळाल्यावर तो सहाच वर्षं जगला. 1916 च्या डिसेंबरात तो गेला. त्याची समाधी रत्नागिरीतच आहे.

हे माहीत नसेल तर वाडा म्हणजे अर्धगोल खिडक्यांची, कोरीव लाकूडकामाची एक मोठी लालसर इमारत, एवढंच. फोटो काढून वीस मिनिटांत माणसं बाहेर पडतात. आम्हाला मैत्रिणीनं आदल्या रात्री तिच्या मुलाचा शाळेचा नकाशासंग्रह उघडून दाखवला होता. माझ्या लेकीचं बोट तिनं मंडालेवर ठेवलं आणि समुद्रावरून, मद्रासवरून फिरवत रत्नागिरीपर्यंत आणलं. "हा राजाचा रस्ता." मग तेच बोट रत्नागिरीवरून उचलून परत मंडालेला नेलं. "आणि हा टिळकांचा."

मला हे दोन्ही वेगवेगळं माहीत होतं, जोडून कधी सुचलं नव्हतं. लोकमान्यांचा जन्म रत्नागिरीतला, 23 जुलै 1856 चा. 1908 मध्ये राजद्रोहाच्या खटल्यात त्यांना सहा वर्षांची शिक्षा झाली आणि पाठवलं ते मंडालेच्या तुरुंगात. म्हणजे मंडालेचा राजा टिळकांच्या गावात कैदेत आणि टिळक राजाच्या गावात. इकडे राजवाडा पुरा झाला त्याच सुमारास, 1910-11 च्या हिवाळ्यात, तिकडे कोठडीत 'गीतारहस्य' लिहून होत होतं. टिळक 1914 साली सुटून आले. राजा मात्र इथेच राहिला.

म्हणून राजवाड्यानंतर त्याच सकाळी टिळक आळीतल्या जन्मस्थानी जा. टिळकांच्या वडिलांची 1866 मध्ये पुण्याला बदली झाली, तोवर बाळ गंगाधर रत्नागिरीतच होते, म्हणजे तुमच्या मुलीच्या वयाचे होईपर्यंत. मला विचाराल तर हे घर राजवाड्याइतकंच मन लावून बघण्यासारखं आहे. साधं कोकणी घर. माझी लेक तिथे बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "राजाला इथे घर बांधून दिलं, पण घरी नाही जाऊ दिलं." मी त्यावर काही बोलले नाही, कारण तिला कळायचं ते कळलं होतं.

आणखी एक गोष्ट सांगते. राजा गेल्यावर त्याचं कुटुंब 1919 मध्ये ब्रह्मदेशात परतलं. पण थोरली राजकन्या पुन्हा रत्नागिरीला आली, कारण तिच्या मुलीचे वडील इथले होते, राजवाड्यावर नोकरीला असलेले. ती मुलगी, टुटू, याच गावात वाढली, मराठी बोलली, इथेच तिचा संसार झाला. संग्रहालयातल्या काचेच्या कपाटापेक्षा मला ही गोष्ट जास्त जवळची वाटते.

संध्याकाळी थिबा पॉइंटवर जा. खाली भाट्याची खाडी, पलीकडे समुद्र. सगळं ऐकून झाल्यावर तिथे उभं राहिलं की पाणी वेगळंच दिसतं.

समुद्राचं सांगायचं तर शहरातच दोन समुद्र आहेत. रत्नदुर्गाच्या एका अंगाला मांडवीचा काळा समुद्र, दुसऱ्या अंगाला पांढरा समुद्र. नावं वाळूवरून पडलीयेत. मांडवीची वाळू खरोखर काळी आहे, तिच्यात इल्मेनाइट आणि लोहयुक्त खनिजं आहेत. मैत्रिणीचा मुलगा घरून फ्रिजवर लावायचं लोहचुंबक खिशात टाकून आला होता. पिशवीत गुंडाळून त्यानं ते कोरड्या वाळूत फिरवलं आणि बाहेर काढलं तर त्याला काळ्या कणांची मिशी फुटलेली. पिशवी उलटी केली की कण गळून पडतात. दोन्ही पोरं अंधार पडेपर्यंत तेच करत होती. तुम्हीही एक चुंबक न्या, पिशवी विसरू नका, नाहीतर कण सुटता सुटत नाहीत.

दुपारच्या उन्हासाठी मत्स्यालय राखून ठेवा. कोकण कृषी विद्यापीठाचं सागरी जीवशास्त्र संशोधन केंद्र आहे, त्यांचं. टाक्यांमधले मासे आहेतच, पण संग्रहालयातला देवमाशाचा सांगाडा मुलीला नक्की दाखवा.

तिसरा दिवस मालगुंड आणि गणपतीपुळ्याला. आरे-वारेच्या किनाऱ्यानं जाणारा रस्ता घ्या. एका वळणावर समुद्र एकदम खाली दिसतो आणि गाडीतले सगळे गप्प होतात. मालगुंडला केशवसुतांचं जुनं घर जपून ठेवलंय, शेजारी कोकण मराठी साहित्य परिषदेनं उभं केलेलं स्मारक आहे आणि त्यांच्या कविता दगडावर कोरून लावल्यात. मुलांकडून त्या मोठ्यानं वाचून घ्या. आमच्या दोघांनी आळीपाळीनं वाचल्या, अडखळत, पण वाचल्या. गणपतीपुळ्यात दर्शन झाल्यावर डोंगराची प्रदक्षिणा संध्याकाळी करा, दुपारी पाय भाजतात.

एक मात्र हात जोडून सांगते. आरे-वारे आणि गणपतीपुळे, दोन्हीकडे पाणी फसवं आहे. पायाखालची वाळू लाटेबरोबर ओढली जाते आणि किनारा एकदम खोल होतो. पोहता येणारी माणसंही इथे बुडालीयेत. मैत्रिणीनं आम्हाला गुडघ्याच्या वर पाण्यात जाऊ दिलं नाही. मला आधी जरा जास्तच वाटलं, पण ती इथलीच आहे, तिनं पाहिलंय. मुलीचा हात धरून ठेवा आणि स्थानिक माणूस नको म्हणाला की नको.

चौथा दिवस मोकळा ठेवा. आम्ही सकाळी रत्नदुर्गावर गेलो. भगवतीचं देऊळ, दीपगृह आणि तिन्ही बाजूंनी पाणी. मग घरी येऊन जेवलो. काकूंनी बांगड्याचं तिखलं केलं होतं, सोलकढी, भात. जेवणानंतर मी आणि मैत्रीण पडवीत आडव्या पडून अठरा वर्षांचं बोललो. दोन गावं करायला गेलो असतो तर ही दुपार मिळालीच नसती.

कधी जायचं ते नीट ठरवा. मेचा दुसरा-तिसरा आठवडा चांगला. हापूस अजून असतो आणि भाव जरा उतरलेला असतो. पुढे वळवाचा पाऊस लागला की आंब्याची मजा जाते, आणि 1 जूनपासून दोन महिने यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी असते. पण त्याआधी मित्राला एक गोष्ट विचारा: त्याच्या घरची आंब्याची बाग आहे का? असेल तर काढणी, पेट्या भरणं, गडीमाणसं या सगळ्यात घर गुंतलेलं असतं. अशा वेळी राहायला बाहेर खोली घ्या आणि जेवायला त्यांच्याकडे जा. ते रागावणार नाहीत, उलट मोकळे होतील. जाताना आंबे सोडून काहीही न्या. आम्ही ठाण्याहून काकूंसाठी चांगल्या लोकरीचे गुंडे नेले होते. पावसाळ्यात घराबाहेर पडता येत नाही तेव्हा त्या विणतात.

फोन आजच करा. तारखा त्याला ठरवू द्या, आणि त्या दिवसांत संध्याकाळची ओहोटी किती वाजता आहे तेही त्यालाच विचारून घ्या. मांडवीची काळी वाळू ओहोटीलाच मोकळी मिळते.