दसुतीसारखा टी-सेट, ३८० पौंड आणि ती क्रेडिट कार्डाची बाकी

ताई, तुमचा मेसेज दोनदा वाचला. प्रश्न मला कळला तो असा, नॉटिंगहॅमच्या एका अँटिक सेंटरमधे रॉयल अल्बर्ट या इंग्लिश कंपनीचा 'पेटी पॉइंट' पॅटर्नचा चिनी मातीचा टी-सेट दिसला, २१ नग, भाव ३८० पौंड, दुकानदार म्हणतो १९३२ चा आहे आणि पुढे किंमत वाढतच जाणार. तुमचे मिस्टर म्हणतात वेडेपणा आहे. कॅश आयसामधे (ब्रिटनमधलं करमुक्त व्याजाचं बचत खातं) इमर्जन्सीसाठी २,५०० पौंड आहेत त्यातून घ्यायचा विचार आहे, आणि जाता जाता तुम्ही लिहिलंय की कार्डावर १,१०० ची बाकी आहे, २४ टक्क्यांनी, हप्ता ९० च्या आसपास जातो.

जाता जाता लिहिलेलं तेच खरं महत्त्वाचं आहे हो. १,१०० वर २४ टक्के म्हणजे बाकी तशीच ठेवली तर वर्षाला २६४ पौंड व्याज, आणि तेवढेच पैसे आयसामधे ४ टक्के धरले तर ४४ पौंड देणार. म्हणजे वर्षाला २२० पौंड तुम्ही नुसते सोडताय, अर्ध्या टी-सेटपेक्षा जास्त! सेट राहू दे बाजूला, या आठवड्यात आयसामधून १,१०० काढा आणि कार्ड शून्य करा. उरतात १,४००, इमर्जन्सीला कमी वाटतात मान्य आहे, पण जो ९० चा हप्ता जात होता तोच दर महिन्याला आयसात टाकत राहायचं.

आता सेटकडे येतो. तुम्ही लिहिलंय की आई दसुतीवर फुलीटाक्याने टेबलक्लॉथ भरायची आणि कपावरची फुलं बघून तेच आठवलं. बरोबरच आहे, पेटी पॉइंट हे बारीक टाक्याच्या भरतकामाचंच नाव, त्या कपावर फुलांचे गुच्छ असे छापलेत की जवळून बघितलं तर एकेक टाका मोजता येईल आणि कडेला सोनेरी रेघ. स्टोक-ऑन-ट्रेंटच्या लाँगटनमधे रॉयल अल्बर्टचा कारखाना होता, सगळा भागच चिनी मातीच्या भांड्यांचा. मला स्वतःला हा पॅटर्न त्यांच्या त्या लाल गुलाबवाल्या ओल्ड कंट्री रोझेसपेक्षा जास्त आवडतो, तो १९६२ पासून इतका खपला की ब्रिटनमधे जाल तिथे दिसतो. (बोन चायनात निम्म्याच्या आसपास जनावरांच्या हाडांची राख असते, घरात कडक शाकाहारी सासूबाई असतील तर ते आधी बघून घ्या, नंतर वाद नको.)

पण १९३२ चा, हे दुकानदार कशावरून म्हणतो ते विचारा. मागच्या शिक्क्यात रजिस्टर्ड नंबर असतो, तो डिझाइन कधी नोंदवलं ते सांगतो, तुमचा कप कधी भट्टीतून निघाला ते नाही. हा पॅटर्न नंतरही बरीच वर्षं निघत होता. शिक्क्यात 'क्राऊन चायना' असेल तर साधारणपणे जुना, 'बोन चायना' असेल तर नंतरचा.

आणि २१ नग म्हणजे काय तर ६ कप, ६ बश्या, ६ छोट्या प्लेट, एक केकची प्लेट, दुधाचा जग आणि साखरदाणी. किटली नाही! इंग्लंडमधे २१ नगांच्या सेटमधे ती धरतच नाहीत, आणि जुनी किटली धड सापडणं अवघड, झाकणं फुटलेली असतात, त्यामुळे ती वेगळी महाग पडते. तो खर्च आत्ताच मनात धरा.

गुंतवणूक म्हणाल तर नाही. आजी-आजोबांची घरं रिकामी होतात तेव्हा असे सेट ढिगाने बाजारात येतात, आणि तरुण लोकांना डिशवॉशरमधे जाणारा मग हवा असतो, सोनेरी कड त्यात टिकत नाही. ऑनलाइन भाव बघताना लोकांनी मागितलेली किंमत बघू नका, विकले गेलेले बघा. समजा लिलावात १५० ला गेला, कमिशन २० टक्के धरलं तर ३०, त्यावर व्हॅट ६, हातात ११४. कॅपिटल गेन टॅक्सचं विचारलंत, सहा हजार पौंडांपर्यंतच्या अशा वस्तूला तो लागतच नाही, सगळा सेट एक वस्तू धरूनसुद्धा आपण तिथपासून फार लांब आहोत. घराच्या इन्शुरन्सवरही फार भिस्त ठेवू नका, अपघाती मोडतोड बहुतेक वेळा वेगळी घ्यावी लागते आणि एक कप फुटला तर एका कपाचेच पैसे देतात, सेट मोडला त्याचे नाही.

मी पण एकदा हुशारी केली होती, असेच सहा कप ऑनलाइन मागवले, पार्सल उघडलं तर दोघांचे कान तुटलेले, आता चौघंच पाहुणे बोलावतो.

तेव्हा माझं मत, घ्या, पण चहा प्यायला घ्या आणि आत्ता नाही. कार्ड फिटू दे, तीनचार महिने बाहेरच्या जेवणातून वगैरे वेगळे पैसे साठवा आणि २२० पर्यंत मिळाला तरच. किटली नाही हे कारण भाव पाडायला पुरेसं आहे. तोवर गेला तर जाऊ दे, या पॅटर्नचे सेट परत येतात.

बघायला जाल तेव्हा प्रत्येक कप उजेडासमोर धरा, पलीकडे बोटांची सावली दिसली पाहिजे. मग बशीच्या कडेला हलकी टिचकी मारा, लांब नाद यायला हवा, माठ घेताना आपण वाजवून बघतो तसंच, बद्द आवाज आला तर कुठेतरी केसाएवढी चीर आहे. आणि साखरदाणी उलटी करून शिक्का कपांशी जुळतो का बघा, दोन सेट मिळून एक केलेला असेल तर २२० सुद्धा जास्त आहेत, मग मला कळवा.