कंबरेचा एमआरआय नॉर्मल, तरी पाय बधिर. आता कुठला स्कॅन आणि कुठला डॉक्टर?

ताई, तुम्ही लिहिलंय की मिस्टर ३८ वर्षांचे, चोपड्याकडे शेती. काही महिन्यांपासून तळपायांना मुंग्या, अंधारात तोल जातो, मान खाली घातली की पाठीतून करंट गेल्यासारखं होतं. कंबरेचा एमआरआय नॉर्मल आला, आता सगळे म्हणतात टेन्शन आहे. मी जळगावात एमआरआय सेंटरवर टेक्निशियन आहे, डॉक्टर नाही. त्यामुळे आजाराचं नाव मी सांगणार नाही. कुठं अजून बघितलंच गेलं नाही, एवढं सांगतो.

चिठ्ठीवर जो भाग लिहिलेला असतो तेवढाच आम्ही काढतो. मोठ्या माणसाचा मज्जारज्जू साधारण कंबरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो, त्याखाली नुसता नसांचा झुपका असतो. म्हणजे कंबरेच्या फिल्ममध्ये मज्जारज्जूचं शेपूट तेवढं आलं. मान आणि पाठ राहिली. आपल्याकडे पायाची तक्रार म्हटली की कंबरेची चिठ्ठी, हे इतकं अंगवळणी पडलंय की पेशंटही येऊन थेट 'कंबरेचा काढा' म्हणतो.

मान वाकवल्यावर पाठीतून करंट जाणं ही तुमच्या वर्णनातली सगळ्यात कामाची गोष्ट आहे. हे ऐकलं की डॉक्टर आधी मानेतल्या मज्जारज्जूचा विचार करतात. तिथं मणक्यांमधली गादी सरकून दाब आला असेल, एमएससारखी (मेंदू-मज्जारज्जूतल्या नसांच्या आवरणाचा आजार) सूज असेल, बी-१२ जीवनसत्त्व कमी असेल. अंधारात तोल जाण्याचंही तसंच. पाय कुठं पडतोय ही जाणीव मज्जारज्जूच्या मागच्या भागातून वर जाते. ती कमी झाली तर उजेडात डोळे सांभाळून घेतात, अंधारात माणूस झोकांड्या खातो.

पण म्हणून उद्याच स्वतःच्या मनाने मानेचा एमआरआय काढायला येऊ नका. आधी न्यूरोलॉजिस्ट गाठा, म्हणजे डीएम न्यूरोलॉजी केलेला. न्यूरोसर्जन वेगळा, तो ऑपरेशनवाला. तपासणी नीट होतेय का हे तुम्हालाही कळेल: गुडघ्यावर हातोडी मारतील, तळव्यावर ओरखडा काढून अंगठा कुठं वळतो ते बघतील, घोट्यावर कंप पावणारा चिमटा टेकवतील, पाय जुळवून डोळे मिटून उभं करतील. हे झाल्यावर जी चिठ्ठी मिळेल तिच्यावर भाग कुठला आणि शंका काय, दोन्ही लिहून मागा. शंका लिहिलेली असली की रेडिओलॉजिस्ट तिथंच बारकाईनं बघतो. सूजेची शंका असेल तर मेंदूचाही एमआरआय सांगतील, कधी कॉन्ट्रास्ट, म्हणजे शिरेतून औषध देऊन. त्याआधी किडनीसाठी क्रिएटिनिनचं रक्त बघतात. अंगात पेसमेकर असेल, किंवा वेल्डिंग-ग्राइंडिंग करताना डोळ्यात कधी लोखंडाचा कण गेला असेल, तर न विचारता सांगा.

एक मात्र आत्ताच करा. बी-१२ चं रक्त द्या, आणि तेही 'ताकदीचं इंजेक्शन' घेण्याआधी. इंजेक्शननंतर आकडा वर जातो आणि खरी कमतरता झाकली जाते. घेऊन झालं असेल तर तारखेसकट सांगा, मग डॉक्टर होमोसिस्टीन वगैरे रक्ताच्या दुसऱ्या तपासण्या बघतील. शुद्ध शाकाहारी घर, वर्षानुवर्षं ॲसिडिटीची गोळी किंवा शुगरची मेटफॉर्मिन, यातलं काही असेल तर शंका वाढते. ही कमतरता वेळेत भरली तर सुधारणा होते, फार उशीर झाला तर काही नुकसान तसंच राहतं. सोबत शुगर आणि थायरॉइड करून घ्या.

एनसीव्ही हात-पायांच्या नसांची तपासणी आहे, मज्जारज्जूची नाही. ती नॉर्मल आली म्हणून सगळं आलबेल, असं कुणी म्हटलं तर पटवून घेऊ नका. कपाशीवर फवारणी मिस्टर स्वतः करतात का? मग त्याचा नसांवर परिणाम झालाय का हे डॉक्टरांना बघता यावं म्हणून फवारणीच्या औषधांचे रिकामे डबे फेकू नका, निदान लेबलचा फोटो काढून न्या. अंगावर कुठं बधिर चट्टा असेल तर तोही दाखवा. कुष्ठरोगात नसा जातात आणि त्याची औषधं सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात.

'टेन्शन' या निदानाबद्दल. मनाशी जोडलेले असे त्रास खरेच असतात, पण तेही तपासणीतल्या ठरावीक खुणांवरून ठरवतात. रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून उरलेलं नाव चिकटवायचं नसतं.

सुरुवात जळगावला करा. धुळ्याला सरकारी मेडिकल कॉलेज आहेच. तिथून पुढं पाठवलं तर मुंबईत केईएम किंवा जे.जे. बघा. जाताना फिल्मबरोबर सीडीही न्या, आणि त्यांच्या चालण्याचा मोबाइलवर व्हिडिओ काढून ठेवा. दवाखान्यात गेलं की पेशंट हटकून बरा चालतो.

मात्र लघवी अडली किंवा कळेनाशी झाली, पायातली कमजोरी दिवसागणिक वर-वर चढत गेली, श्वासाला त्रास झाला, किंवा अचानक तोंड वाकडं होऊन बोबडी वळली, तर ओपीडीची वाट बघू नका. १०८ ला फोन करा, रात्रीचे दोन वाजले असले तरी.